पाय आखडला, पण दुखलं का?

तपासणीच्या टेबलावर डॅशहंड जातीचा कुत्रा आडवा. काल सोफ्यावर उड्या मारत होता, आज मागचे दोन्ही पाय लुळे. पशुवैद्यक मागच्या पायाचं बोट चिमट्यात धरतात आणि पाय झटकन आखडतो. मालकाचा चेहरा उजळतो : ‘डॉक्टर, कळतंय त्याला!’ पशुवैद्यकांची नजर मात्र कुत्र्याच्या तोंडाकडे असते. त्यानं मान वळवली का? तो कळवळला का?

कारण पाय आखडायला मेंदूची गरजच नसते. बोटातली संवेदना मेरुरज्जूच्या कमरेकडच्या भागात पोचते, तिथूनच प्रेरक चेतापेशी स्नायूंना हुकूम सोडतात. ही प्रतिक्षिप्त क्रिया. मेंदूकडे जाणारी वाट पूर्ण तुटली तरी हा खालचा फेरा चालू राहतो. चार्ल्स शेरिंग्टन यांनी मेरुरज्जू छेदलेल्या कुत्र्यांवर हे दाखवलं होतं : कुशीला गुदगुल्या केल्या की मागचा पाय तालात खाजवू लागे. १९३२ साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. ते प्रयोग आज वाचवत नाहीत; पण कुत्र्यांच्या उपचाराला त्या ज्ञानाचा आधार आहे, हेही खरं.

प्रेरक चेतापेशी दोन पायऱ्यांवर काम करतात. वरच्या पेशी मेंदूतून हुकूम आणतात आणि खालच्यांना लगामही घालतात. हा लगाम तुटला की गुडघ्याखाली हातोडीनं हलकेच ठोकताच पाय नेहमीपेक्षा जोरात उडतो. खालच्या पेशीच निकामी झाल्या तर पाय चिंधीसारखा लोंबतो आणि एक-दोन आठवड्यांत मांडी सुकलेली दिसते. म्हणून पुढचे पाय ठीक, मागचे लुळे आणि गुडघा मात्र उसळतोय, तर बिघाड पाठीच्या मधल्या भागात. गुडघाही गप्प असेल, तर तो कमरेत.

नेमकी जागा शोधायची पुढची युक्ती मला फार आवडते. अंगावर माशी बसली की बैल कातडी थरथरवतो, तुम्ही पाहिलं असेल. पशुवैद्यक तीच थरथर वापरतात. कण्याच्या दोन्ही बाजूंना कमरेकडून मानेकडे चिमटे घेत जायचं. चिमट्याची खबर मेरुरज्जूतून खांद्यापर्यंत वर जाते आणि तिथल्या चेतातंतूमार्फत कातडीचा स्नायू हलतो. दुखापतीच्या मागं घेतलेल्या चिमट्याला थरथर उठत नाही. जिथं ती उठू लागते, त्याच्या जरा पुढं, डोक्याच्या बाजूला, घाव असतो. एक्स-रे किंवा एमआरआयच्या आधी, नुसत्या बोटांनी!

डॅशहंडचे पाय ज्या जनुकीय बदलामुळे आखूड, त्याच्याशी नातं असलेला दुसरा बदल त्याच्या मणक्यांमधल्या चकत्या लहान वयातच कडक करतो. अशी चकती फुटून मेरुरज्जूवर दाब येतो. खोलवरच्या वेदनेची जाणीव सर्वांत शेवटी जाते, म्हणून ती मोलाची. ती शिल्लक असेल तर शस्त्रक्रियेनंतर बहुतेक कुत्रे पुन्हा चालतात. ती गेली असेल तर साधारण निम्मेच.

तेव्हा कुत्रा मागचे पाय ओढू लागला तर त्याला चालवून बघू नका, पाठ चोळू नका, माणसांची वेदनाशामक गोळी मुळीच देऊ नका. सपाट फळीवर आडवं ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्या, आणि त्यानं शेवटची लघवी कधी केली हे आठवून सांगा.