जुना नळ स्वतः कसा बदलायचा? पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

मोबाईलची टेम्पर्ड ग्लास आपण घरी बसवतो, राउटरचं सेटिंग करतो, पण नळ टपकायला लागला की खाली बादली ठेवतो आणि प्लंबरची वाट बघतो. मीही तेच करायचो. या दिवाळीत कोरेगावला आजीकडे गेलो तेव्हा मात्र पहिल्यांदा हातात पाना घेतला.

आजीच्या न्हाणीघरातली पितळी तोटी सतत गळत होती. मी बंद करून बघितली, तर बंद झाली. मग गळते कशी? आजी म्हणाली, "अरे, माझ्या बोटांनी एवढी पिळवत नाही ती. आवळली तर मग उघडत नाही." तिला सांधेदुखी आहे. रात्री उठली की त्या ओल्या फरशीवरूनच तिला जावं लागतं. मी गळणाऱ्या नळाखाली एक लिटरची बाटली ठेवून फोनवर स्टॉपवॉच लावलं. ५० मिनिटांत बाटली भरली, म्हणजे दिवसाला जवळपास २९ लिटर. पाण्यापेक्षा मला त्या फरशीचीच जास्त काळजी वाटली.

आधी बघा, नळ बदलायची गरज आहे का?

जुन्या पद्धतीच्या नळात आत एक स्क्रूसारखा दांडा असतो आणि त्याच्या टोकाला रबरी वॉशर. चावी फिरवली की दांडा खाली जातो, वॉशर दाबला जातो आणि पाणी थांबतं. नळ घट्ट आवळूनही टपकत असेल तर बहुतेक वेळा फक्त वॉशर झिजलेला असतो. तो काही रुपयांत मिळतो, अख्खा नळ बदलायचं कारण नाही. पण दांड्याचे आटे झिजून चावी गरगर फिरत असेल, नळाच्या अंगालाच चीर गेली असेल किंवा आमच्यासारखी वापरणाऱ्याची अडचण असेल, तर नवीन नळ घ्यावा.

आजीसाठी मी पाव फेऱ्यात उघडणारा, लांब दांडीचा नळ घेतला. यात आत सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर बसवलेल्या असतात. त्यांना भोकं असतात. भोकं समोरासमोर आली की पाणी सुरू, सरकली की बंद. काहीच दाबायचं नसल्यामुळे जोर लागत नाही, दांडी मनगटानेही ढकलता येते.

दुकानात जाण्यापूर्वी फोन काढा

जुन्या नळाचे तीन फोटो घ्या: समोरून, बाजूने, आणि भिंतीला जिथे जोडलाय तिथला जवळून. शेजारी पट्टी धरा. भिंतीतून आडवा येणारा साधा नळ म्हणजे बिब कॉक आणि बेसिनवर उभा असतो तो पिलर कॉक. हार्डवेअरवाल्याला फोटो दाखवला की निम्मं काम होतं.

एक गंमत सांगतो. घरातले बहुतेक नळ 'अर्धा इंची', म्हणजे १५ मिमीचे असतात. पण आट्यांवर पट्टी लावलीत तर बाहेरचा व्यास २१ मिमीच्या आसपास भरेल. मी आधी घाबरलो, वाटलं आपला नळ काहीतरी वेगळाच. तसं नाही. अर्धा इंच हे माप जुन्या लोखंडी पाइपच्या आतल्या पोकळीवरून पडलेलं नाव आहे.

पाण्याचा दाबही लक्षात घ्या. टाकी नळापेक्षा १० मीटर उंच असेल तर साधारण १ बार दाब मिळतो. आजीच्या बैठ्या घरात टाकी जेमतेम ३ मीटरवर, म्हणजे ०.३ बार. अशा ठिकाणी तोंडाला जाळी असलेला फेसाळ धारेचा नळ घेतलात तर बादली भरायला युग लागेल. न्हाणीघरासाठी बिनजाळीचा साधा नळच बरा.

बाकी सामान थोडंच: एक स्क्रू पाना, टेफ्लॉन टेप, जुना टूथब्रश, फडकं आणि बादली.

पाणी बंद करा, आणि खात्री करा

ही पायरी घाईत उरकू नका. टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद करा, मग बदलायचा नळ उघडून धार पूर्ण थांबेपर्यंत थांबा. आमचा व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं कुणी फिरवलाच नव्हता, त्यामुळे गच्च बसलेला. मी जोर लावणार होतो, पण तो तुटला असता तर अख्खी टाकी अंगणात आली असती. थोडं तेल सोडलं, अर्धा तास थांबलो, मग हलका मागे-पुढे करत फिरवला. तुमचा अजिबात हलत नसेल तर तिथेच थांबा, हे काम प्लंबरचं. गीझर असेल तर त्याचं बटण आधी बंद करा.

जुना नळ काढताना

नळाभोवती फडकं गुंडाळून पाना लावा आणि समोरून बघताना घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवा. झटका देऊ नका, दाब हळूहळू वाढवा. भिंतीबाहेर पाइपचा किंवा एल्बोचा भाग दिसत असेल तर तो दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाहीतर नळाबरोबर तोही फिरतो आणि गळती भिंतीच्या आत सुरू होते. प्लास्टिक पाइपलाइनमध्ये तर हे फारच महत्त्वाचं, कारण तिथे पितळी आट्यांची कडी प्लास्टिकमध्ये बसवलेली असते. जास्त जोर लावला तर ती कडीच सुटते, मग टाइल फोडण्याशिवाय गत्यंतर नाही.

आमचा नळ निघाला तेव्हा आट्यांमध्ये सुतळी आणि सफेदा होता, टेफ्लॉन येण्याआधीची प्लंबर लोकांची पद्धत. भिंतीतले आटे टूथब्रशने नीट साफ केले. मग आईला व्हॉल्व्ह पाच सेकंद उघडायला सांगितला आणि मी पाइपच्या तोंडाशी बादली धरली. पहिलं पाणी चक्क विटकरी आलं! हा गंज नव्या नळात गेला असता तर सिरॅमिकच्या चकत्यांवर ओरखडे पडले असते आणि नवा नळही गळायला लागला असता. म्हणून नवीन नळ लावण्याआधी लाइन धुऊन घ्याच.

टेप गुंडाळणं, इथेच मी चुकलो

आट्यांचं टोक आपल्या तोंडाकडे करा आणि टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ताणून गुंडाळा. उलटी गुंडाळली तर नळ बसवताना ती आवळली जाण्याऐवजी सुटत जाते. वेढे किती द्यायचे हे टेपच्या जाडीवर आणि आटे किती सैल आहेत त्यावर ठरतं. आपल्याकडची टेप पातळ असते, मी १२ वेढे दिले. (टेफ्लॉन १९३८ मध्ये रॉय प्लंकेट यांना चुकून सापडलं, ते खरं तर फ्रीजच्या वायूवर काम करत होते.)

मग भिंतीवरची गोल चकती नळावर चढवा. आधी हाताने फिरवून आटे सरळ बसलेत ना ते बघा, मग पान्याने आवळा. मी आवळत गेलो आणि तोटीचं तोंड सरळ खाली येण्याऐवजी थोडं पुढे गेलं, तिरकं दिसायला लागलं. मी काय केलं? थोडंसं मागे फिरवलं. दिसायला सरळ झालं, पण पाणी सोडताच भिंतीपाशी थेंब जमायला लागले. टेप एकदा दबली की मागे फिरवल्यावर तिची पकड सुटते. सगळं काढून, जुनी टेप खरवडून पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. दुसऱ्या वेळी दोन वेढे जास्त दिले आणि नळ बरोबर सरळ झाला तिथेच घट्ट बसला. फोनमधलं लेव्हल अ‍ॅप दांडीवर ठेवून बघितलं, अर्ध्या अंशाचा फरक. चालतंय.

पाणी सोडताना नळ उघडा ठेवा आणि व्हॉल्व्ह हळू उघडा. आधी हवा फुरफुरत बाहेर पडेल, घाबरू नका. धार नीट आली की नळ बंद करून जोडाभोवती कोरडा टिश्यू पेपर गुंडाळा. मी रात्रभर तसाच ठेवला. फोनच्या टॉर्चमध्ये न दिसणारी ओलसुद्धा टिश्यूवर लगेच कळते. सकाळी टिश्यू कोरडा होता, आणि फरशीसुद्धा.

जुना नळ फेकू नका, पितळ असल्यामुळे भंगारवाला वजनावर पैसे देतो. आमचा मात्र आजीने विकू दिला नाही, आजोबांनी बसवला होता म्हणे. तो घासून देवघराच्या कपाटात ठेवलाय. आणि तिचा परवाच फोन आला, आता परसातला नळ कधी बदलतोस म्हणून.