ताप बघायची गन: आकडा खरा कधी आणि फसवा कधी

आज आपण एका लहानशा मशीनबद्दल बोलणार आहोत. कपाळासमोर धरायची, बटण दाबायचं, टुक असा आवाज येतो आणि आकडा दिसतो. कुणी तिला गन म्हणतं, कुणी टेंपरेचरची मशीन. शास्त्रातलं नाव इन्फ्रारेड थर्मामीटर. आपण गनच म्हणू.

ही गन आपल्या उंबऱ्यावर आली ती कोरोनात. १५ सप्टेंबर २०२० ला राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली. आरोग्य कर्मचारी, आशाताई आणि स्वयंसेवक घरोघर फिरले, एका हातात ही गन आणि दुसऱ्या हातात बोटाला लावायचं ऑक्सिमीटर. मोहीम संपली, साथ ओसरली, पण गना राहिल्या. कुठं त्या शाळेच्या कपाटात आहेत, कुठं अंगणवाडीत, कुठं गटाच्या पेटीत हिशेबाच्या वहीखाली. आता घरात लेकरू तापलं की शेजारीण म्हणते, “जा गं, गटातली गन आण.” म्हणजे वापर सुरूच आहे. पण ती कशी धरायची हे फार कुणी शिकवलेलं नाही, आणि खरी काळजी तिथंच आहे.

आधी एक भीती काढून टाकू. आम्हाला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच: या मशीनचे किरण डोक्यात जातात का, बाळाच्या मेंदूला धक्का लागतो का? कोरोनात मोबाइलवर तसे निरोप खूप फिरले, आणि त्या धाकानं कित्येकांनी कपाळाऐवजी हात पुढं केला. ताईंनो, ही मशीन कपाळावर किरण सोडत नाही. ती कपाळातून येणारी उष्णता फक्त टिपते. चुलीवरून उतरवलेल्या तव्याजवळ हात नेला तर न शिवताही धग कळते ना? तव्यातून जे बाहेर पडतं तेच प्रत्येक वस्तूतून पडत असतं, माणसाच्या अंगातूनही, दिवसरात्र. डोळ्यांना ते दिसत नाही एवढंच. १८०० साली विल्यम हर्शेल नावाच्या शास्त्रज्ञानं सूर्याच्या उजेडाचे रंग वेगळे केले आणि प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्या पलीकडं, जिथं काहीच दिसत नव्हतं, तिथंही पारा चढला. त्याच न दिसणाऱ्या उष्णतेला अवरक्त किरण म्हणतात. गनच्या तोंडाशी एक भिंग असतं, त्याच्यामागं ही उष्णता पकडणारा बारीक तुकडा. बस, एवढंच. गरोदर बाई, तान्हं बाळ, म्हातारं माणूस, कुणालाही यानं इजा नाही.

एक मात्र बघा. कारखान्यात आणि मोटार दुरुस्तीच्या दुकानात वापरतात त्या गनमधून लाल ठिपका पडतो. तो लेझरचा असतो, नेम धरण्यासाठी. तो डोळ्यात जाऊ द्यायचा नाही. तशी गन तुमच्या पेटीत आली असेल तर ती माणसांसाठी नाहीच. ती इंजिनाची, भट्टीची उष्णता मोजते आणि तिच्यात एकदोन अंश सेल्सिअसचा फरक सहज पडतो. इंजिनाला त्यानं काही होत नाही. माणसाच्या बाबतीत तेवढ्या फरकात निरोगी आणि आजारी यांची अदलाबदल होते. कोरोनात घाईघाईनं खरेदी झाली तेव्हा अशा गना पुष्कळ ठिकाणी शिरल्या. खोक्यावर किंवा पाठीवर ती माणसाचा ताप मोजण्यासाठी आहे असं लिहिलेलं आहे का, ते आधी वाचून घ्या.

माणसांसाठीच्या गनमध्येही बहुधा दोन कामं असतात: एक अंगाचं, एक वस्तूचं. बटणानं बदलतात. ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण निम्मा घोळ इथंच होतो. कपाळाची कातडी अंगाच्या आतल्यापेक्षा थंड असते. घरात सावलीत बसलेल्या निरोगी बाईच्या कपाळाची कातडी साधारण ३३ ते ३५ अंश सेल्सिअस असते, म्हणजे ९१ ते ९५ फॅरनहाइट. आतलं अंग मात्र ३७ च्या आसपास, ९८.६ फॅरनहाइट. गन अंगाच्या कामावर असेल तर कातडीच्या आकड्यात ठरलेली भर घालून आतला ताप दाखवते. वस्तूच्या कामावर असेल तर भर घालत नाही, जे टिपलं तेच सांगते. मग तापलेल्या लेकराचा आकडाही ९७ येतो आणि आई निर्धास्त होते. सगळ्या गटाचे आकडे ९३, ९४ येऊ लागले तर बायका थंड पडलेल्या नाहीत, बटण चुकलेलं आहे. तसंच सेल्सिअस की फॅरनहाइट तेही बघून घ्या. ३८ सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट. साधारण इथून पुढं ताप धरतात.

आता धरायची कशी. अंतर मशीनच्या कागदावर लिहिलेलं असतं. पुष्कळ गनांना ३ ते ५ सेंटिमीटर लागतं, म्हणजे आपली दोनतीन बोटं आडवी मावतील एवढं. लांबून का नको? टॉर्च भिंतीजवळ धरली तर उजेडाचा गोल लहान पडतो, मागं नेली की मोठा होतो. गनचंही तसंच, फक्त उलट्या दिशेनं. लांब धरली तर तिच्या गोलात कपाळाबरोबर केस, पदर, मागची भिंत सगळं येतं, आणि ती त्या सगळ्याची सरासरी सांगते. समोरासमोर सरळ धरायची, तिरपी नाही. मोजणाऱ्या बाईचा हात आणि लेकराचं डोकं दोन्ही स्थिर हवीत.

नेम भुवयांच्या जरा वर, कपाळाच्या मध्यावर धरायचा. आता आपल्याकडं नेमकं तिथंच कुंकू असतं, टिकली असते. टिकली काढता येते, पण कुंकू पुसा म्हटलेलं कुणाही बाईला रुचत नाही, आणि तसं म्हणूही नये. भुवईच्या वर, कुंकवाच्या बाजूला मोकळी कातडी असते, तिथं नेम धरा. गोंदणाची अडचण नाही, ते कातडीच्या आत असतं. तेल, गंध, हळद, घाम मात्र कोरड्या फडक्यानं टिपून घ्या आणि पाचेक मिनिटं थांबा. मनगटावर धरू नका. कपाळासाठी बनवलेल्या मशीनचं गणित कपाळाचं असतं, मनगटाला ते लागू पडत नाही.

यापेक्षाही मोठी गोष्ट आहे थांबण्याची. बाई चुलीपुढून भाकरी टाकून उठली आणि लगेच गन धरली तर कपाळ १०० च्या वर दाखवील. मका काढून, अद्रकाला पाणी देऊन उन्हातून आलेल्या माणसाचंही तेच. त्याला ताप नसतो, कपाळ तापलेलं असतं. याउलट कुणी नुकतं तोंड धुतलं, कूलरपुढं बसलं, मोटारसायकलवर मागं बसून वारा खात आलं, तर कपाळ गार आणि आकडा खोटा खाली. सावलीत, वाऱ्याच्या झोतापासून बाजूला पंधरा-वीस मिनिटं बसवा, मगच मोजा. गनलाही तोच नियम. गाडीच्या डिकीत तापलेली किंवा थंडीच्या पहाटे बाहेर राहिलेली मशीन जिथं मोजायचं त्या खोलीत अर्धा तास ठेवा. बहुतेक गना साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेतच नीट चालतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा त्याच्याही वर जातो. त्या उन्हात ओट्यावर बसून गन धरली तर आकडा भलताच येतो, नाहीतर नुसता बिघाडाचा इशारा. मशीनला दोष देऊ नका, तिला घरात न्या.

आता जिथं जीवावर बेतू शकतं तिथं येतो. लेकराला रात्री ताप भरला की आपण काय करतो? कपाळावर ओल्या पाण्याची पट्टी. मायमाउलीनं रात्रभर पट्ट्या बदललेल्या असतात. सकाळी गन आणून त्याच कपाळावर धरली की आकडा येतो ९८. घरचे म्हणतात, उतरला ताप, दवाखाना राहू द्या. पण गार झालेली असते ती कपाळाची कातडी. पोट, पाठ, काख अजून भाजत असते. ओल्या कपाळावर गन चालत नाही, अगदीच चालत नाही. तिथं काखेत धरायचा साधा डिजिटल थर्मामीटर काढा, काख कोरडी करा, टोक काखेच्या मध्यावर ठेवा, हात अंगाशी दाबा आणि टिकटिक होईपर्यंत हलवू नका. शंभर-दोनशे रुपयांचा हा थर्मामीटर गटाच्या पेटीत गनशेजारी असलाच पाहिजे, असं आमचं ठाम मत आहे. दोहोंतलं एकच परवडत असेल तर आम्ही हाच घ्या म्हणू.

पॅरासिटामॉलचंही ध्यानात ठेवा. गोळी किंवा औषध दिल्यावर चारेक तास आकडा खाली राहतो, आजार तिथंच असतो. म्हणून मोजताना आधी विचारा, औषध कधी दिलं? वहीत तेही लिहा: वेळ, आकडा, औषध. डॉक्टरला ही एक ओळ फार उपयोगी पडते.

ऊन लागलेल्या माणसाच्या बाबतीत तर गनवर विसंबूच नका. रानात काम करता करता माणूस बरळायला लागला, तोल जायला लागला, बेशुद्ध पडला, तर उष्माघात समजा. आतलं अंग ४० सेल्सिअस, म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या वर गेलेलं असू शकतं, आणि लोकांनी तोंडावर पाणी मारल्यामुळं कपाळ मात्र गार असतं. आकडा शोधत वेळ घालवायचा नाही. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी टाका, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

तान्ह्या बाळाचा विचार वेगळा करायचा. बाळाला ताप येणं जसं धोक्याचं, तसंच ते गार पडणंही. काखेत मोजल्यावर ३६.५ ते ३७.५ सेल्सिअस, म्हणजे ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट, हे बाळाचं ठीक माप. आशाताई बाळंतिणीच्या घरी येते तेव्हा काखेतच थर्मामीटर लावते, गन धरत नाही, त्यामागं कारण आहे. या घरभेटींची पद्धत आपल्याच राज्यात, गडचिरोलीत रुजली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायांना बाळ तपासायला, त्याचं वजन आणि ताप मोजायला शिकवलं. नवजात बालकांचे मृत्यू त्यानं किती घटले ते १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलं, आणि पुढं देशभरच्या आशाताईंच्या कामात ती पद्धत आली. थोडं शिकलेल्या बायांनी थर्मामीटर वाचून बाळं वाचवली आहेत, म्हणून आकड्यांना घाबरू नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप दिसला, किंवा ते गार लागतंय, दूध ओढत नाही, सुस्त पडलंय, तर दुसऱ्यांदा मोजत बसू नका. त्याच पावली दवाखाना गाठा. मोठ्या लेकरालाही झटका आला, मान ताठ झाली, धाप लागली, लघवी कमी झाली, तर आकडा काहीही असो, थांबायचं नाही.

आकडा थोडा वरखाली होतो, त्याचीही धास्ती नको. अंग सकाळी जरा थंड असतं, संध्याकाळी अर्धा अंश चढतं. आपल्या बायांचं पाळीच्या आधीच्या दोन आठवड्यांत थोडं वाढलेलं असतं, हेही नैसर्गिक. शंका आली तर एका मिनिटाच्या अंतरानं तीनदा मोजा. तिन्ही आकडे एकमेकांपासून लांब असतील तर भिंग मळलेलं आहे किंवा सेल उतरले आहेत.

भिंगाला बोट लावायचं नाही, फुंकर मारायची नाही, पदरानं तर पुसायचंच नाही. कानकोरण्याच्या कापसाच्या काडीला थोडं स्पिरिट लावून हलक्या हातानं पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पाण्यात कधी धुऊ नका. धूळ बसू नये म्हणून काही जणी तोंडाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळतात, आणि ती तशीच ठेवून मोजतात. मग गन प्लास्टिकचा ताप सांगते. काचेआडूनही हेच होतं.

हे पटत नसेल तर बैठकीत एक गंमत करून बघा. चकचकीत स्टीलच्या तांब्यात हाताला सोसेल एवढं गरम पाणी भरा, गन वस्तूच्या कामावर ठेवा आणि बाहेरून मोजा. आकडा हाताला लागतं त्यापेक्षा बराच खाली येईल, कारण चकचकीत धातू स्वतःची उष्णता कमी सोडतो आणि आसपासची परत फेकतो. त्याच तांब्यावर कागदी चिकटपट्टी लावा, मिनिटभर थांबा, पट्टीवर मोजा. आकडा झटकन वर जाईल. पाणी तेच, तांब्या तोच. नंतर अंगाच्या कामाचं बटण परत लावायला विसरू नका.

बैठकीत मोजणी असेल तर आकडा मोठ्यानं सांगू नका. कोरोनात ताप निघाला म्हणून बायांना वेगळं बसवलं गेलं, त्या धसक्यानं काही जणी तोंड धुऊन रांगेत उभ्या राहत. जिचा आकडा तिलाच हळू सांगायचा. गन ज्या ताईच्या घरी राहते तिनं पेटीत ठेवताना सेल काढून बाजूला ठेवावेत, नाहीतर ते पाझरतात आणि आतलं तांबं खाऊन टाकतात. नवे सेल गटाच्या किरकोळ खर्चातून दिवाळीला घेऊन ठेवा, आणि मशीनसोबतचा कागद हरवला असेल तर अंतर आणि बटणांची खूण पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला खडूनं नव्हे, पेननं लिहून ठेवा.