घरची सेडान आणि ४०२ मीटरची हौस

तुमचे घर चंदीगडमध्ये असेल, मग ते चंडीमंदिरच्या लष्करी वसाहतीत असो, पीजीआयच्या क्वार्टर्समध्ये असो की मोहालीतल्या एखाद्या सोसायटीत, ‘गेडी’ हा शब्द मुलांच्या तोंडून तुमच्या कानावर आलाच असेल. गेडी म्हणजे काही काम नसताना गाडीतून मारलेली फेरी. सेक्टर १० आणि ११ च्या बाजूचा रस्ता तर ‘गेडी रूट’ म्हणूनच ओळखला जातो. मित्रांबरोबर फेरी मारण्यात वाईट काहीच नाही. काळजी सुरू होते ती रात्री उशिरा. रस्ता रिकामा होतो, सिग्नलला शेजारी दुसरी गाडी येऊन थांबते आणि दोन्हीकडून ॲक्सिलरेटर दाबला जातो. त्यासाठी स्पोर्ट्स कार लागत नाही. हप्त्यावर घेतलेली, आजीला डॉक्टरकडे नेणारी घरची सेडानही चालते.

मुलाला नुसते ‘नाही’ म्हणण्याआधी हा खेळ नेमका काय आहे, तो कुठे खेळायचा आणि रस्त्यावर का खेळायचा नाही, हे आपल्याला माहीत हवे.

हा खेळ आहे तरी काय?

ड्रॅग रेस म्हणजे सरळ रेषेतली शर्यत. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, दिवे हिरवे होतात आणि पाव मैल म्हणजे ४०२ मीटर अंतर जी आधी कापेल ती जिंकते. कंपनीतून आली तशी, काहीही बदल न केलेली १.५ लिटरची पेट्रोल सेडान हे अंतर साधारण १७ ते १८ सेकंदांत कापते. शेवटी तिचा वेग ताशी १२० किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो.

या खेळात ताकदीइतकेच महत्त्व हाताला आणि डोक्याला आहे. क्लच किती लवकर सोडायचा, चाके जागेवर न फिरवता पकड कशी मिळवायची, गिअर नेमका कधी बदलायचा, यावर निकाल ठरतो. अमेरिकेत ‘ब्रॅकेट रेसिंग’ नावाचा प्रकार लोकप्रिय आहे. त्यात प्रत्येक चालक आपली गाडी किती सेकंदांत पोहोचेल ते आधी लिहून देतो. समजा, तुम्ही १८ सेकंद लिहिले आणि शेजारच्याने १५, तर तुम्हाला ३ सेकंद आधी सोडतात. पण लिहून दिलेल्या वेळेपेक्षा लवकर पोहोचलात, तर सहसा बाद! म्हणजे तिथे घरातली साधी सेडानही महागड्या गाडीला हरवू शकते. अट एकच, आपली गाडी नीट ओळखता आली पाहिजे.

चंदीगडचे रस्ते भुरळ का घालतात?

ल कॉर्बुझिए यांनी हे शहर आखताना रस्त्यांचे सात प्रकार ठरवले. सेक्टरच्या चारही बाजूंनी जाणारे ‘व्ही-३’ रस्ते वेगवान वाहनांसाठी होते. घरांची दारे या रस्त्यांवर उघडणार नाहीत अशी रचना केली, म्हणजे आतली वस्ती शांत आणि सुरक्षित राहील. सेक्टर सुमारे ८०० मीटर रुंद आणि १,२०० मीटर लांब. म्हणून इथले रस्ते सरळ, रुंद आणि रात्री मोकळे दिसतात. तरुण मुलाला तो आयता ट्रॅक वाटला तर नवल नाही.

आता हा हिशेब मुलाबरोबर कागदावर मांडून पाहा. ताशी १२० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. समोर काही दिसल्यावर पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा, म्हणजे ३३ मीटर गेले. नंतर चांगल्या टायरवर, कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी सुमारे ७० मीटर लागतात. एकूण शंभराच्या वर. ताशी ६० ला हेच अंतर ३५ मीटरच्या आसपास असते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर चौपट होते.

मुलगा म्हणेल, ‘४०० आणि १०० मिळून ५०० मीटरच झाले, रस्ता तर ८०० चा आहे.’ पण त्या ८०० मीटरमध्ये बसथांबा असतो, सेक्टरमधून बाहेर येणारा रस्ता असतो, रात्रपाळी संपवून सायकलवरून घरी निघालेला माणूस असतो आणि शेवटी चौक असतो. शर्यत लागली आहे हे यांपैकी कोणालाच माहीत नसते. ड्रॅग ट्रॅकवर मात्र शेवटच्या रेषेपुढे गाडी थांबवण्यासाठी लांबलचक मोकळी जागा मुद्दाम ठेवलेली असते. २००८ मध्ये एका व्यावसायिक चालकाचा जीव गेल्यावर अमेरिकेतल्या एनएचआरए या संस्थेने सर्वांत वेगवान गटांची शर्यतच १,००० फुटांवर आणली, म्हणजे थांबायला जागा वाढली. पॅराशूट लावलेल्या गाड्यांनाही जिथे जागा कमी पडली, तिथे आपल्या सेडानचे काय?

कायदा आणि विमा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. पुन्हा पकडले गेल्यास हीच मर्यादा १ वर्ष आणि १०,००० रुपये आहे. लक्षात घ्या, हे कलम भाग घेणाऱ्याइतकेच शर्यतीला परवानगी देणाऱ्यालाही लागू आहे.

मुलगा १८ वर्षांखालील असेल तर कलम १९९-अ नुसार पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द आणि मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही. मे २०२४ मधली पुण्याच्या कल्याणीनगरची घटना आपण सगळ्यांनी वाचली आहे. ती शर्यत नव्हती, पण दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला आणि अल्पवयीन मुलाबरोबर वडिलांवरही कारवाई झाली.

आता कपाटातून विम्याची पॉलिसी काढा. खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा दिलेल्या असतात. त्यात शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. अधिकृत ट्रॅकवर गाडी नेली तरी हे लागू होते. म्हणजे तिथे गाडीचे नुकसान झाले तर खर्च तुमच्या खिशातून, हे आधीच गृहीत धरा.

मग हौस भागवायची कुठे?

एनएचआरए ही संस्था १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी याच कारणासाठी उभी केली. कॅलिफोर्नियातली तरुण मुले रस्त्यावर शर्यती लावत होती. त्यांना ओरडण्यापेक्षा जागा, नियम आणि घड्याळ द्यावे, हा विचार त्यामागे होता. १९५३ मध्ये पोमोना इथे संस्थेची पहिली अधिकृत शर्यत झाली, तीही स्थानिक पोलिसांच्या पाठिंब्याने.

आपल्याकडे मोटार स्पोर्ट्सचे नियम एफएमएससीआय ही राष्ट्रीय संस्था ठरवते. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ ही ड्रॅग स्पर्धा भरत आली आहे. तिथे इंजिनची क्षमता आणि गाडीत केलेले बदल पाहून गट पाडतात, त्यामुळे साध्या सेडानची गाठ सुपरकारशी पडत नाही. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई ट्रॅकवरही ड्रॅग शर्यती होतात. चंदीगडहून हे दोन्ही लांब आहे. पण वर्षातून एकदा सुट्टीत, मावशीकडे पुण्याला जाताना जमवता येईल असा हा बेत आहे. नाव नोंदवण्यापूर्वी स्पर्धा एफएमएससीआयच्या मान्यतेने होते आहे का, लायसन्स आणि वयाची अट काय आहे, हे जरूर विचारा.

गाडी नेण्यापूर्वी

० टायर तपासा. कडेला चार आकडी संख्या असते: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. जुना टायर वरून चांगला दिसला तरी धोक्याचाच.

० टायरवर वेगाचे अक्षर असते. ‘टी’ म्हणजे ताशी १९० आणि ‘एच’ म्हणजे २१० किलोमीटरपर्यंत.

० ब्रेक ऑइल, ब्रेक पॅड, चाकांचे नट आणि बॅटरीची पट्टी मेकॅनिककडून पाहून घ्या.

० डिकी आणि सीटखालचे सर्व सामान काढा. ड्रायव्हरच्या पायाशी सुटे मॅट किंवा पाण्याची बाटली नको.

० पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, सुती पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट घाला. चपला चालत नाहीत.

० दोन फेऱ्यांमध्ये इंजिन आणि क्लच थंड होऊ द्या. परत याच गाडीतून घरी यायचे आहे.

घरात बोलताना

मुलाला ‘तुला अक्कल नाही’ असे म्हटले की तो पुढच्या वेळी सांगणार नाही, इतकेच होते. त्याऐवजी त्याला सरळ विचारा, ‘तुला तुझी वेळ जाणून घ्यायची आहे का?’ रस्त्यावर जिंकले तरी वेळ कळत नाही. ट्रॅकवर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत छापील पावती मिळते आणि ती बाबांना दाखवता येते.

सोबत दोन अटी स्पष्ट सांगा. रस्त्यावर एकदाही शर्यत लावली तर गाडीची चावी बंद. आणि मित्र शर्यत लावत असेल तर त्याच्या गाडीतून उतरायचे, किती वाजले असले तरी घरी फोन करायचा. त्या फोनवर तुम्ही रागावणार नाही, फक्त घ्यायला जाल, असा शब्द तुम्हीही द्या आणि पाळा. गाडी कोणाच्या नावावर आहे हे मुलाला माहीत असतेच. रात्री दोन वाजताही आईबाबा न्यायला येतील, एवढा विश्वास त्याला वाटला पाहिजे.