जुन्या बोलपटांचा जीर्णोद्धार

एखादा चित्रपट आपण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू शकतो, पण त्याचा थोडासाच भाग पाहू शकतो, असे कोणी सांगितले तर तुम्हांला खरे वाटेल काय? असा एक चित्रपट खरोखरच आहे. १९२९ साली अमेरिकेतील वॉर्नर ब्रदर्स या कंपनीने ‘गोल्ड डिगर्स ऑफ ब्रॉडवे’ नावाचा विनोदी, गाण्यानाचांनी भरलेला रंगीत बोलपट काढला. त्याचे संवाद आणि गाणी आज संपूर्ण उपलब्ध आहेत. चित्र मात्र शेवटचा काही भाग आणि इकडचे तिकडचे तुकडे एवढेच उरले आहे.

आवाज राहिला आणि चित्र गेले, हे कसे झाले? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला यामिकी, रसायनशास्त्र, प्रकाशशास्त्र आणि संगणक या सर्वांची मदत घ्यावी लागते. त्या काळचे जे बोलपट डीव्हीडी किंवा ब्ल्यू-रे तबकडीवर घरबसल्या पाहता येतात, त्यांच्यामागे हेच शास्त्र उभे आहे. जुन्या देवळाचा जीर्णोद्धार करतात, तसाच हा चित्रपटांचा जीर्णोद्धार होय. तो कसा करतात, ते आपण पाहू.

तबकडी आणि फिल्म यांची जोडी

बोलपटांच्या सुरुवातीच्या वर्षांत वॉर्नर ब्रदर्स ‘व्हायटाफोन’ ही पद्धत वापरीत असत. हिच्यात आवाज फिल्मवर नसे. तो १६ इंच व्यासाच्या ग्रामोफोन तबकडीवर मुद्रित केलेला असे. तबकडी मिनिटाला ३३ १/३ फेरे घेई, आणि सुई आतल्या बाजूला सुरू होऊन बाहेरच्या कडेकडे सरकत जाई. प्रोजेक्टर आणि तबकडी एकाच मोटरने फिरत. त्यामुळे चित्र आणि आवाज बरोबर चालत.

आता थोडे गणित करू. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे मिनिटाला १४४० चौकटी पडद्यावर येतात. तबकडीचा एक फेरा १.८ सेकंदांत पुरा होतो. तेवढ्या वेळात ४३.२ चौकटी निघून जातात. समजा, सुई चुकून एक खोबण पुढे सरकली. लगेच आवाज चित्राच्या जवळजवळ दोन सेकंद पुढे गेला! नटाने तोंड उघडण्यापूर्वीच त्याचा विनोद ऐकू येणार, आणि गाणारीचे ओठ मिटलेले असताना गाणे चालू राहणार. फिल्म तुटून काही चौकटी गेल्या, तरी तीच गत. म्हणून ऑपरेटर हरवलेल्या चौकटींच्या जागी मोजून तेवढ्याच काळ्या चौकटी जोडत.

अशा रीतीने एकाच बोलपटाचे दोन भाग दोन निरनिराळ्या वस्तूंवर राहिले, आणि पुढे त्यांच्या वाटाही वेगळ्या झाल्या. कधी तबकड्या सापडतात पण फिल्म नसते. कधी फिल्म असते पण ती मुकी असते. १९९१ साली अमेरिकेतील काही तबकडी-संग्राहकांनी ‘व्हायटाफोन प्रोजेक्ट’ नावाचा उपक्रम सुरू केला. संग्राहकांकडे पडून असलेल्या तबकड्या शोधायच्या आणि संग्रहालयांतील मुक्या रिळांशी त्यांची जोडी जुळवायची, हे त्यांचे काम. अशा जोड्या जुळल्यामुळे कित्येक छोटे संगीतपट पुन्हा बोलू-गाऊ लागले.

स्वतःच स्वतःचा नाश करणारी फिल्म

तबकड्या टिकल्या आणि फिल्म का टिकली नाही? कारण त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. बंदुकीसाठी वापरल्या जाणाऱ्या गनकॉटनचा हा जवळचा नातलग. त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. त्यामुळे ही फिल्म एकदा पेटली, की पाण्यात बुडवली तरी जळत राहते.

ती पेटली नाही तरी सुरक्षित नसते. तिचे हळूहळू विघटन होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात. दमट हवेशी त्यांचा संयोग होऊन आम्ल तयार होते, आणि हे आम्ल पुढचे विघटन आणखी वेगाने घडवून आणते. फिल्म आधी पिवळी पडते, मग चिकट होते आणि शेवटी तिची तपकिरी भुकटी होते. बंद डब्यात, उष्ण हवेत हे लवकर घडते. थंड आणि कोरड्या जागी सावकाश घडते. शिवाय जुन्या फिल्ममधील चांदी काढून घेण्यासाठी कंपन्यांनीही पुष्कळ रिळे मोडीत काढली.

दोनच रंगांचे इंद्रधनुष्य

१९३० साली युनिव्हर्सल कंपनीने ‘किंग ऑफ जॅझ’ हा गाणी, नाच आणि विनोदी प्रवेश यांचा रंगीत बोलपट काढला. वाद्यवृंदाचे प्रमुख पॉल व्हाइटमन त्यात होते. तो ‘टेक्निकलर’च्या दोन रंगांच्या पद्धतीने घेतलेला होता. कॅमेऱ्याच्या भिंगामागे एक लोलक बसवलेला असे. तो आलेल्या प्रकाशाचे दोन भाग करी. एक भाग तांबड्या गाळणीतून आणि दुसरा हिरव्या गाळणीतून जाई, आणि दोन्हींच्या चौकटी एकाच कृष्णधवल फिल्मवर उमटत. प्रदर्शनाची प्रत छापताना एक चित्र नारिंगी-तांबड्या रंगद्रव्यात आणि दुसरे निळसर-हिरव्या रंगद्रव्यात उमटवीत.

यात काय गमावले जाई, ते घरी करून पाहा. तांबडा आणि हिरवा जिलेटिन कागद घ्या. एक तांबडे फूल, एक हिरवे पान आणि एक गडद निळे कापड शेजारी ठेवा. तांबड्या कागदातून फूल उजळ आणि पान काळपट दिसेल. हिरव्यातून नेमके उलट. निळे कापड मात्र दोन्हींतून काळपटच दिसेल! म्हणजे या कॅमेऱ्याला निळ्या रंगाची खरी ओळखच नव्हती.

आता गंमत पाहा. या बोलपटातील मुख्य संगीतरचना होती जॉर्ज गर्श्विन यांची ‘ऱ्हॅप्सडी इन ब्ल्यू’. तिच्या नावातच निळा रंग! कलादिग्दर्शक हर्मन रॉस यांनी रुपेरी आणि करड्या रंगांची पार्श्वभूमी वापरून अशी एक हिरवट छटा साधली, की पाहणाराला ती मोरपंखी निळी वाटावी. या बोलपटाच्या कलादिग्दर्शनासाठी रॉस यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले.

१९३३ साली हा बोलपट पुन्हा प्रदर्शित करताना कापून सुमारे ६५ मिनिटांचा केला गेला. २०१६ साली निरनिराळ्या ठिकाणची निगेटिव्ह आणि प्रती जुळवून तो सुमारे ९८ मिनिटांपर्यंत पुन्हा उभा करण्यात आला, आणि २०१८ साली त्याची ब्ल्यू-रे तबकडी निघाली. काही ठिकाणी आवाज होता पण चित्र नव्हते. तेथे त्या वेळची स्थिरचित्रे दाखवली आहेत.

येथे एक प्रश्न उभा राहतो. संगणकाला ‘हे दृश्य निळेभोर कर’ असे सांगणे आज अगदी सोपे आहे. मग का करू नये? कारण १९३० साली कोणत्याही प्रेक्षकाने तो निळा रंग पाहिलेला नव्हता. तो घातला तर दृश्य कदाचित सुंदर होईल, पण तो जीर्णोद्धार होणार नाही. जुन्या मूर्तीचे झिजलेले नाक नव्याने बसवण्यासारखेच ते आहे.

भज्यांचा कागद

जुन्या फिल्मवर ओरखडे फार. ते घालवण्याची एक युक्ती तुमच्या ओळखीची आहे. भजी बांधून आणलेला कागद पाहा. तेल लागले तेथे तो अर्धपारदर्शक झालेला असतो. कागदाच्या तंतूंचा अपवर्तनांक सुमारे १.५, आणि तंतूंमधील हवेचा सुमारे १. त्यामुळे प्रकाश जागोजागी विखुरतो. तेलाचा अपवर्तनांक तंतूंच्या जवळपास असल्याने ते पोकळ्यांत भरले, की विखुरणे कमी होते.

फिल्मचेही तसेच करतात. फिल्मच्या अपवर्तनांकाशी जुळणाऱ्या द्रवात ती भिजलेली असतानाच तिचे चित्र घेतात. द्रव ओरखड्यांत भरतो आणि पाठीवरचे बारीक ओरखडे दिसेनासे होतात. परंतु ओरखडा खोल जाऊन चित्राचा चांदीचा थरच खरवडला गेला असेल, तर द्रवाचा काही उपयोग नाही. तेथील माहितीच नाहीशी झालेली असते.

तीन चौकटींची साक्ष

यानंतर संगणकाचे काम सुरू होते. धुळीचा ठिपका सहसा एकाच चौकटीवर असतो. संगणक लागोपाठच्या तीन चौकटी ताडून पाहतो. मधल्या चौकटीत ठिपका आहे, आधीच्या आणि नंतरच्या चौकटीत नाही, तर तो धूळ समजायचा आणि ती जागा शेजारच्या चौकटींवरून भरायची.

यात धोकाही आहे. नर्तकीच्या पोशाखावरची टिकली चमकली, तर तीही एखाद्याच चौकटीत दिसते. संगणक तिला धूळ समजून पुसून टाकू शकतो! फिल्मचे दाणेदारपण फार घासले, तर माणसांचे चेहरे मेणाचे दिसू लागतात. म्हणून माणसाने नजर ठेवावीच लागते. एकेका चौकटीला एक मिनिट दिले, तर किती वेळ लागेल? एका मिनिटाच्या चित्रपटात १४४० चौकटी, आणि एका दिवसात मिनिटेही १४४०च! म्हणजे ९८ मिनिटांच्या बोलपटाला न झोपता ९८ दिवस लागतील.

जे जपले, तेच परत आले

मार्क्स बंधूंचा ‘ॲनिमल क्रॅकर्स’ हा १९३० सालचा विनोदी संगीतपट. १९३६ साली तो पुन्हा प्रदर्शित करताना त्या वेळच्या नियमांनुसार त्यातील काही संवाद कापले गेले. पुढे कित्येक दशके लोक ही कापलेली आवृत्तीच पाहत होते. परंतु ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या संग्रहात न कापलेली प्रत जपलेली होती. तिच्यावरून तयार केलेली संपूर्ण आवृत्ती २०१६ साली ब्ल्यू-रेवर आली, आणि ऐंशी वर्षांपूर्वी गाळलेले विनोद घरोघर ऐकू आले. हे संवाद कोणत्या संगणकाने तयार केले नाहीत. कोणीतरी एक डबा फेकून न देता थंड जागी ठेवला, म्हणून ते मिळाले.

याची दुसरी बाजूही आपण विसरू नये. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ साली मुंबईत तयार झाला. त्यातही गाणी होतीच. परंतु त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. यंत्रे कितीही प्रगत झाली, तरी ‘आलम आरा’चा जीर्णोद्धार करता येत नाही, कारण त्यासाठी पुरावाच उरलेला नाही.

मित्रांनो, पुसट झालेली माहिती शास्त्राला पुन्हा स्पष्ट करता येते. नाहीशी झालेली माहिती त्याला परत आणता येत नाही. तुमच्या घरी आजोबांच्या काळातील तबकड्या, ध्वनिफिती किंवा छायाचित्रांची निगेटिव्ह असतील. अडगळ म्हणून त्या टाकून देण्यापूर्वी त्यांच्यावर काय आहे, ते वडीलधाऱ्यांना विचारा. नाव आणि साल लिहून ठेवा, कोरड्या व थंड जागी ठेवा, आणि शक्य झाल्यास त्यांची दुसरी प्रत करून वेगळ्या ठिकाणी ठेवा. जीर्णोद्धाराची पहिली पायरी प्रयोगशाळेत नसते. ती आपल्या माळ्यावरच्या पेटीत असते.