ट्रॅक्टरचे ऑईल प्रेशर गेले तर?

१९६३ साली महिंद्रने इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीदारीत ट्रॅक्टरचा उद्योग सुरू केला. त्यांचे जुने बी-२७५ ट्रॅक्टर आपण गावी पाहतो. इंजिन चालू असून ऑईलचा काटा शून्यावर दिसला, तर ते ताबडतोब बंद करावे. तेलाविना बेअरिंग जळतात आणि ऐन पेरणीत काम अडते.

आधी डिपस्टिकने तेल पाहू. मग दुसरा गेज लावून काटा खरा आहे ना, ते तपासू. ट्रॅक्टर बरेच दिवस उभा असेल, तर पंपातले तेल उतरून आत हवा शिरते. विहिरीच्या पंपात आपण पाणी ओततो, तसे यात तेल भरावे. तरी दाब येत नसेल, तर गाळणी आणि रिलीफ व्हॉल्व्ह साफ करावा.

इंजिन तापल्यावरच दाब उतरतो का? फोडणीचे तेल तापून पातळ होते, तसेच हे तेल झिजलेल्या बेअरिंगमधून निसटते. मग मिस्त्रींना बोलवावेच लागते. इथल्या उन्हाळ्यात आपल्या मोटारीचेही तेल आई-बाबांबरोबर जरूर तपासा!