रोह्याची चिठ्ठी

१९९९ सालच्या ऑगस्टमध्ये पेणहून रोह्याला निघालो तेव्हा माझ्या पिशवीत दोन फ्लॉप्या होत्या आणि त्या भिजू नयेत म्हणून वर मेणकापड गुंडाळलेलं होतं. ‘वायटूके’चे ते दिवस वाचकांना आठवत असतील. जुने प्रोग्राम सालाचे शेवटचे दोनच आकडे ठेवत. ९९ नंतर ००, म्हणजे यंत्राच्या लेखी १९००. मग व्याज कुणाला आणि किती वर्षांचं द्यायचं?

आमच्या बँकेच्या मुख्य कार्यालयानं यावर तपासणीचा एक छोटा प्रोग्राम केला होता. खात्यांची नक्कल घ्यायची, घड्याळ ३१ डिसेंबरला न्यायचं, मग २९ फेब्रुवारी २००० ला, आणि व्याज व मुदती बरोबर येतात का ते पाहायचं. तेव्हा शाखा एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. प्रत्येकीचा संगणक म्हणजे स्वतंत्र संस्थान. म्हणून प्रोग्राम एसटीनं जाई, माणसाबरोबर. तो माणूस मी. संगणकाचा पंधरा दिवसांचा कोर्स केला होता, तेवढ्यावर निवड झाली. (कादंबऱ्या लिहिणाऱ्याला बँकेत अशीच कामं मिळतात.)

पेणला वीस-बावीस मिनिटांत तपासणी झाली आणि प्रिंटरनं ‘टेस्ट कंप्लीट’ची चिठ्ठी दिली. स्टँडकडे जाताना वाटेत एका कारखान्यात गणपती बांधणं चाललं होतं. चतुर्थी महिन्यावर आलेली. कारागीर सोंडेखाली, हाताखाली, पाटाच्या कडेला पेंढा ठासत होता. मूर्ती कारखान्यात कितीही सुबक असली तरी ती कुठल्या रस्त्यानं जाणार हे आधी विचारावं लागतं, असं तो सांगत होता. मी ऐकलं आणि गाडी पकडली.

वडखळ, नागोठणे, भिसे खिंड, रोहा. तिथल्या शाखेतलं यंत्र जुनं आणि सॉफ्टवेअर दुसऱ्याच कंपनीचं. फ्लॉपी घातली, आज्ञा दिली, आणि मिनिटाच्या आत चिठ्ठी बाहेर! “झालंसुद्धा, साहेब?” कॅशियरबाईंनी विचारलं. मी सही ठोकली. पाऊस होता, शेवटची सोयीची गाडी होती, आणि कागदावर ‘कंप्लीट’ लिहिलेलं होतं.

नागोठण्याच्या आसपास लक्षात आलं. पेणला वीस मिनिटं लागली, मग जुन्या यंत्रावर एक मिनिट कसं?

रात्री झोप लागली नाही. सकाळी पेणच्या यंत्रात शोधलं तेव्हा उलगडा झाला. आमचा प्रोग्राम हिशेबासाठी दुसऱ्या एका छोट्या प्रोग्रामला हाक मारत होता. तो पेणच्या यंत्रात पूर्वीपासूनच होता, त्यामुळे फ्लॉपीवर नाही हे कुणालाच कळलं नव्हतं. रोह्याला हाकेला ओ मिळाली नाही. पडद्यावर क्षणभर एक ओळ चमकून गेली असणार. पण आज्ञांची यादी थांबली नाही, शेवटच्या ओळीपर्यंत गेली. आणि शेवटची ओळ होती ‘टेस्ट कंप्लीट’ छापण्याची. न तपासताच तपासणी पूर्ण!

राहिलेला प्रोग्राम फ्लॉपीवर घेऊन पुन्हा रोह्याला गेलो. या खेपेला अर्धा तास लागला आणि चूक सापडली. ते सॉफ्टवेअर २९ फेब्रुवारी २००० ही तारीखच मानेना. शंभरानं भाग जाणारं साल लीप नसतं, एवढं लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. चारशेनं भाग गेला तर असतं, हे ठाऊक नव्हतं. ज्याला फक्त चारचा भागाकार येत होता त्याचा प्रोग्राम बरोबर चालला असता. त्या तारखेला एका निवृत्त शिक्षिकेची मुदत ठेव पुरी होत होती. पावसाआधी घराची कौलं बदलायचे ते पैसे, हे कॅशियरबाईंना तोंडपाठ.

आता फ्लॉपी गेली. लिनक्सच्या जगात प्रोग्रामच्या गाठोड्याबरोबर ‘मला आणखी काय काय लागेल’ याची यादी जाते. यादीतलं काही कमी असेल तर यंत्र ते आधी मागवतं. गाठोड्याची बेरीजही सोबत असते. इथली आणि तिथली बेरीज जुळली नाही तर वाटेत काही बदललं, आमच्या लेजरच्या टॅलीसारखंच. २०१३ पासून ‘डॉकर’ नावाची सोय आली. तीत प्रोग्राम आपल्या लवाजम्यासकट पेटीत बंद होऊन जातो. पेणचा पेंढाच म्हणा.

तरीही १९ जुलै २०२४ ला जगभरचे सुमारे ८५ लाख संगणक बसले. आपल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिसले. क्राउडस्ट्राइक या कंपनीनं पाठवलेली फाईल सदोष होती. पुढे कंपनीनंच सांगितलं, की फाईल तपासणाऱ्या प्रोग्राममध्येच दोष होता आणि त्यानं ती पास केली होती. बातमी वाचून मला भिसे खिंड आठवली.

रोह्याची पहिली चिठ्ठी मी फाडली नव्हती. दुसरीला टाचून दोन्ही वर पाठवल्या आणि सोबत खुलासा दिला. वरिष्ठांनी बोलावून विचारलं, पहिलीवर सही कोणाची? माझीच, म्हटलं. त्यांनी दोन्ही कागद उलटसुलट पाहिले आणि तीच फ्लॉपी आणखी कुठल्या कुठल्या शाखांत गेली त्याची यादी मागवली.