विवाहविच्छेद आणि मालमत्ता – लेखांक ५ : जे घर विकता येत नाही, त्याचे मोल

पोटगीचा विचार मागील लेखांकात झाला. ती ज्या मालमत्तेच्या आधारे ठरते तिच्यात बहुधा घरच सर्वांत मोठे असते. म्हणून घराचे मूल्यांकन, म्हणजे ठराविक तारखेला त्याची किंमत किती होती हे कागदपत्रे व प्रत्यक्ष पाहणी यांवरून ठरवणे, हा या लेखांकाचा विषय आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या दिवाणी संहितेनुसार, वेगळा करार नसल्यास, पति-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते आणि विच्छेदानंतर निम्मी-निम्मी वाटली जाते. महाराष्ट्रात तसा नियम नाही. येथे घर दोघांच्या नावे असेल तर हिस्सा काढण्यासाठी, आणि एकाच्याच नावे असेल तर हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २५ नुसार कायमची पोटगी ठरवताना त्याची ऐपत कळावी म्हणून, किंमत काढावी लागते. राजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी, पोटगीच्या प्रकरणात दोन्ही पक्षांनी आपली मालमत्ता व देणी उघड करणारे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले.

नंदुरबार किंवा शहादा शहरातील घराबाबत वाट तुलनेने सरळ आहे. मूल्यांकनकार मालमत्ता पत्रकावरून मालकी व क्षेत्र पाहतो, परिसरातील अलीकडच्या खरेदीखतांवरून जागेचा दर काढतो, बांधकामाच्या आजच्या खर्चातून वयोमानाप्रमाणे घसारा वजा करतो आणि थकीत गृहकर्ज वेगळे दाखवतो. रेडी रेकनर हा मुद्रांक शुल्कासाठी शासनाने ठरवलेला दर असल्यामुळे तो आधार म्हणून उपयोगी पडतो, परंतु अंतिम किंमत ठरत नाही. पक्षांचे एकमत न झाल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६, नियम ९ नुसार न्यायालय आयुक्त नेमून बाजारभावाची चौकशी करू शकते.

अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील पाड्यांवर मात्र ही रीत अपुरी पडते. कलम २(२) मुळे, केंद्राची अधिसूचना नसल्यास, हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही, आणि फारकत रूढीप्रमाणे पंचांसमोर होते. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकण्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी व त्यासाठी शासनाची पूर्वमान्यता लागते. वनहक्क कायदा, २००६ खालील पट्टा वारसाने मिळतो, पण विकता येत नाही. सागाचे खांब, बांबूच्या कुडाच्या शेणामातीने लिंपलेल्या भिंती आणि कौलांचे छप्पर असलेल्या अशा घराला खरेदीखतांची तुलना लागू पडत नाही.

त्यावरून ‘विक्री नाही, म्हणून किंमत नाही’ असा निष्कर्ष काढणे हा अन्याय आहे, कारण त्याचा भार घर सोडणाऱ्या व्यक्तीवर, म्हणजे बहुधा स्त्रीवर, पडतो. लाकूड, कौले आणि मजुरी धरून तसेच घर आज उभारण्यास येणारा खर्च काढून त्यातून झीज वजा केली, तर पंचांनाही मान्य होईल असा आकडा हाती येतो. शिवाय वनहक्क कायद्याच्या कलम ४(४) नुसार विवाहितांचा पट्टा पति-पत्नी दोघांच्या नावे नोंदवला जातो. म्हणून फारकतीच्या बैठकीत देजाच्या, म्हणजे वधूमूल्याच्या, परतफेडीबरोबरच तो पट्टाही पंचांसमोर ठेवला गेला पाहिजे, आणि तिच्या हिश्श्याचा आकडा तडजोडीच्या लेखात स्पष्ट लिहिला गेला पाहिजे.